नऊ माणसं आणि सहाचा आकडा: बाल्टिमोरच्या टिकी बोटीवरचं एक प्रकरण

प्रकरण अगदी साधं आहे, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तरीही लिहावंसं वाटलं, कारण नऊ जणांपैकी सहालाच बोटीवर घेणारी कॅप्टन बरोबर की चूक यावर आमच्या ओळखीतलं एक अख्खं कुटुंब आजही दोन गटांत विभागलेलं आहे आणि दोन्ही गट मला फोन करून "तूच सांग कोण बरोबर" असं विचारतात. जहाजांच्या स्टॅबिलिटीशी माझा पोटापाण्याचा संबंध आहे म्हणून मी त्यांच्या दृष्टीने न्यायाधीश. म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून टाकू.

काय झालं ते आधी. ठिकाण बाल्टिमोर, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं जुनं बंदर. जुलैचा शनिवार, संध्याकाळ, घामाच्या धारा. दादा-वहिनी तिथे राहतात, दोन मुलं, मोठा नऊ वर्षांचा आणि धाकटी दीड वर्षाची. भारतातून आलेले दादाचे आई-बाबा, काका-काकू आणि आत्या. झाले नऊ. दादाने ऑनलाइन एक टिकी बोट 'प्रायव्हेट' म्हणून बुक केली, दीड तासाची फेरी. टिकी बोट म्हणजे गोल तराफा, वर झावळ्यांचं छप्पर (बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्याच झावळ्या असतात), मधे बार, भोवती उंच स्टूल, मागे एक आउटबोर्ड इंजिन आणि स्पीकरवर बेटांवरची गाणी. खायचं-प्यायचं आपलं आपण आणायचं, काचेच्या बाटल्या नकोत. वेग इतका की काठावरून भरभर चालणारा माणूस बोटीला गाठेल.

डॉकवर कॅप्टन बाईंनी माणसं मोजली आणि शांतपणे सांगितलं, सहाच येतील. दादा म्हणाला, पूर्ण बोट घेतलीये ना मी. त्या म्हणाल्या, हो, पूर्ण बोट तुमचीच आहे, पण पूर्ण म्हणजे सहा. बुकिंगच्या पानावर तसं लिहिलेलंही होतं, पण 'प्रायव्हेट' हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरात होता की दादाला वाटलं आकडा आपल्या हातात आहे, आणि मुलं तर काय मोजतच नसतील.

मग पुढची वीस-पंचवीस मिनिटं जी काही वकिली झाली ती खरी वाचण्यासारखी आहे, कारण त्यातला प्रत्येक मुद्दा वरवर बरोबर वाटतो.

पहिला मुद्दा वहिनीचा. धाकटी मांडीवर बसेल, ती कुठे माणूस! विमानात चालतं तसं. नाही चालत. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या हिशोबात मांडीवरचं बाळ हासुद्धा एक पूर्ण प्रवासी, वय काही का असेना. कारणही सरळ आहे, पाण्यात पडल्यावर बाळाला त्याच्या मापाचं वेगळं लाइफ जॅकेट लागतं आणि त्याला धरायला एक जास्तीचा मोठा माणूस लागतो, म्हणजे संकटात बाळ हा अर्धा नाही, उलट दीड-दोन प्रवासी ठरतो.

दुसरा मुद्दा बाबांचा. आम्ही तिघं पैसे देत नाही, पाहुणे म्हणून येतो, मग भाड्याचे प्रवासी सहाच झाले ना? हेही कायद्याने आधीच बंद करून ठेवलंय. या वर्गातल्या बोटीवर एकूण प्रवासी सहापेक्षा जास्त नकोत, आणि त्यातला एक जरी पैसे देणारा असला तरी पूर्ण फेरीला भाड्याचा नियम लागू. फुकट्या पाहुण्यांना वेगळा रकाना नाही.

तिसरा मुद्दा फोनवरून आला, दादाच्या ऑफिसातल्या मित्राकडून, आणि हा सगळ्यात धोकादायक. म्हणे कागदावर बोट 'बेअरबोट' भाड्याने घेतली असं दाखवा, मग बारा जण चालतात. अर्धी माहिती घेऊन बोलणारा असा एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. बेअरबोट प्रकार खरा आहे, बाराचा आकडाही खरा आहे, १९९३ च्या प्रवासी बोटींच्या सुरक्षा कायद्याने तो ठरवलाय. पण त्यात बोट रिकामी भाड्याने मिळते, कॅप्टन तुम्ही शोधायचा, पगार तुम्ही द्यायचा, नको असेल तर काढायचाही तुम्ही, आणि काही झालं तर मालकासारखी जबाबदारी तुमची. इथे कॅप्टन बोटीबरोबरच येते, तुम्ही तिला निवडलेलं नाही, म्हणजे बेअरबोट झालंच नाही, नुसता कागद झाला. याला तिथे बेकायदा चार्टर (भाड्याची फेरी) म्हणतात आणि कोस्ट गार्ड अशा बोटी अडवून दंड करतं, कॅप्टनच्या लायसन्सवर गदा येते, आणि विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. कॅप्टन बाईंनी हा प्रस्ताव ऐकून फक्त मान हलवली, वादही घातला नाही.

चौथा मुद्दा काकांचा, आणि खरं सांगायचं तर याच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. काका निवृत्त बँकवाले, आकडेमोड जिभेवर. ते म्हणाले, तुमचं सरकार एक माणूस किती किलोचा धरतं? कॅप्टन बाई म्हणाल्या १८५ पौंड. म्हणजे ८४ किलो. काकांनी तिथल्या तिथे हिशोब केला: सहा गुणिले ८४, पाचशे चार किलो. आता आम्ही, मोठी सात माणसं सरासरी साठ किलोची, चारशे वीस, मोठा नातू अठ्ठावीस, धाकटी अकरा. एकूण चारशे एकोणसाठ. "म्हणजे आम्ही नऊ जण तुमच्या सहा जणांपेक्षा पंचेचाळीस किलोनं हलके आहोत, मॅडम."

गणित बिनचूक आहे. मी दोनदा तपासलं. काकांचा गट अजूनही याच हिशोबावर अडून बसलाय, आणि 'नियम म्हणजे नियम' एवढं म्हणून त्यांना गप्प करणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे. त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

उत्तर असं की सहा हा आकडा त्या बोटीच्या ताकदीचा आकडाच नाही. आपल्याला वाटतं की कोणीतरी इंजिनिअरने बोट तपासली, वजनं ठेवून पाहिली आणि सहा ठरवले. तसं काहीच झालेलं नसतं. अमेरिकेत शंभर ग्रॉस टनांच्या (हे वजन नाही, बोटीच्या आतल्या जागेचं माप) खालच्या छोट्या बोटींसाठी सहा प्रवासी ही एक सीमा आखलेली आहे. सहापर्यंत असाल तर कोस्ट गार्डकडून बोटीची तपासणी आणि सर्टिफिकेट लागत नाही, फक्त लायसन्सवाला कॅप्टन हवा (त्या लायसन्सला बोलीभाषेत 'सिक्स-पॅक' म्हणतात), लाइफ जॅकेट वगैरे सामान हवं. सातवा माणूस चढला की बोट दुसऱ्या वर्गात जाते, तिथे मग डिझाइन, स्टॅबिलिटी, आग, पंप, सगळ्याची तपासणी आणि दर्शनी भागात लावायचं सर्टिफिकेट. म्हणजे सहा हा बोटीचा नाही, तपासणीचा आकडा आहे. बोट कदाचित बारा जण आरामात पेलेल, कदाचित आठलाच डगमगेल, तिऱ्हाईत कोणी ते मोजून कागदावर आणलेलंच नाही. काकांनी ज्या पाचशे चार किलोंशी स्वतःची तुलना केली ते पाचशे चार किलो त्या बोटीला चालतात असं कोणी लिहून दिलेलंच नव्हतं! १८५ पौंडांचा आकडा तपासणीवाल्या बोटींसाठीचा, काकांनी विचारलं म्हणून बाईंनी सांगितला एवढंच.

बरं मग तपासणी झालेली बोट असती तर काकांचा हिशोब चालला असता का? इथे त्याच बंदरातली एक जुनी घटना सांगावी लागते, आणि ती अजिबात मजेशीर नाही.

६ मार्च २००४. 'लेडी डी' नावाची पॉन्टून वॉटर टॅक्सी, म्हणजे दोन लांब नळकांड्यांवर सपाट डेक आणि वर छप्पर, फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यापासून फेल्स पॉइंट या बंदरावरच्या जुन्या भागाकडे निघाली. बोटीवर पंचवीस जण, त्यातले दोन कर्मचारी. अचानक वादळी वाऱ्याचा झोत आला, कॅप्टनने परत फिरायचा प्रयत्न केला आणि बोट उलटली. मार्चमधलं पाणी, हाडं गोठवणारं. जवळच नौदलाच्या राखीव दलाचं केंद्र होतं, तिथल्या लोकांनी पुढचा दरवाजा खाली पडणारी त्यांची लँडिंग क्राफ्ट काढली आणि त्या दरवाज्याने उलटी बोट उचलून धरत माणसं बाहेर काढली. तरी पाच जण गेले.

या बोटीची तपासणी झालेली होती. सर्टिफिकेट होतं, पंचवीस जणांचंच होतं, आणि बोटीवर पंचवीसच होते, एकही जास्त नाही. मग चूक कुठे? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००६ मध्ये जो अहवाल दिला त्यात निघालं की पंचवीस हा आकडाच मुळात चुकीचा होता, स्टॅबिलिटीची चाचणी दुसऱ्याच एका बोटीवर झाली होती आणि ही तिच्यासारखीच म्हणून तोच निकाल हिलाही लावला. शिवाय माणसाचं सरासरी वजन १४० पौंड, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो धरलेलं, जो फार जुन्या काळचा आकडा. त्या दिवशीच्या प्रवाशांची सरासरी निघाली सुमारे १६८ पौंड. माणशी २८ पौंडांचा फरक, पंचवीस जणांचे सातशे पौंड, म्हणजे तीनशेहून जास्त किलो, एवढं ओझं कागदावर कुठेच नव्हतं. म्हणजे तपासलेल्या बोटीवरही नुसत्या सरासरी वजनाच्या हिशोबावर विसंबता येत नाही. याच्या परिणामातूनच पुढे २०११ पासून सरासरी वजन १८५ पौंड धरायचं ठरलं. काकांनी ज्या आकड्यावर स्वतःचा खटला उभा केला तो आकडा याच बंदरातल्या पाच मृत्यूंनंतर आलाय, हे त्यांना त्या वेळी माहीत नव्हतं, आणि कॅप्टन बाईंनी सांगितलंही नाही. समोर लहान मुलं, सुट्टीचा दिवस, कशाला सांगतील.

आता वजनापलीकडचं थोडं, कारण बोट नुसत्या वजनाने उलटत नाही. वजन कुठे आहे आणि कसं हलतं याला जास्त महत्त्व. टिकी बोटीची रुंदी भरपूर असते त्यामुळे पहिल्यांदा पाऊल टाकलं की जमिनीवर आल्यासारखं वाटतं, अजिबात डुलत नाही, आणि लोकांचा भरवसा नको इतका वाढतो. अशा रुंद, चपट्या बोटींचा स्वभावच असा की सुरुवातीला खूप घट्ट, पण एक बाजू पाण्यात पूर्ण गेली की पुढे सावरायची ताकद झपाट्याने कमी होते. माणसं बसलेली असतात उंच स्टुलांवर, म्हणजे वजन आधीच वर. त्यात फोटो काढायला सगळे एकदम एका कडेला जातात, आणि नऊ जणांत सगळे एका बाजूला धावण्याची शक्यता सहा जणांपेक्षा नक्कीच जास्त, विशेषतः त्यात एक नऊ वर्षांचा मुलगा असेल तर. त्यातून लोकांनी दोन-दोन ग्लास घेतलेले.

आणि छप्पर. थीमच्या नावाखाली जे झावळ्यांचं छप्पर लावतात ते वाऱ्याच्या दृष्टीने शीडच आहे, फक्त उतरवता न येणारं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. चेसापीक उपसागराच्या भागात उन्हाळ्यातल्या दुपारी-संध्याकाळी गडगडाटी वादळं नेहमीची, दहा मिनिटांत चित्र पालटतं. त्यामुळे कॅप्टन बाई बोलताना सारख्या फोनवर रडार बघत होत्या, आणि आमच्या काकूंना वाटलं बाई लक्षच देत नाहीयेत, व्हॉट्सअॅप बघतायत!

शेवटचा मुद्दा कर्मचाऱ्यांचा. बोटीवर कॅप्टन एकटी. इंजिन बंद पडलं, कोणी पाण्यात पडलं, कोणाला चक्कर आली, तर रेडिओ, सुकाणू, दोर, माणसं सगळं एकटीने. नऊ जणांचं वजन कमी असेल, पण पाण्यात डोकी नऊच असणार, आणि त्यातल्या किती जणांना पोहता येतं या प्रश्नावर आमच्या मंडळींचं उत्तर होतं: दादा आणि मोठा मुलगा. बस्स.

तर या प्रकरणात कॅप्टन बाई शंभर टक्के बरोबर, असं माझं मत. पण बोट चालवणारी ती कंपनी? तिथे मी दादाच्या बाजूने थोडा झुकतो. 'प्रायव्हेट' मोठ्या अक्षरात आणि सहाचा आकडा खाली बारीक अक्षरात, बुकिंग करताना एकूण किती जण, मुलं धरून, हा साधा प्रश्न विचारलाच नाही. तो एक प्रश्न विचारला असता तर हा सगळा तमाशा घरच्या सोफ्यावरच मिटला असता. नियम कडक असेल तर तो दारात नाही, पैसे घेण्याआधी सांगायचा असतो. डॉकवर उभ्या कॅप्टनला रोज ही भांडणं झेलावी लागत असणार आणि त्यातला एखादा कॅप्टन एखाद्या दिवशी कंटाळून सातवा माणूस चढवून घेणार, मला भीती त्याची वाटते.

त्या दिवशी काय तोडगा निघाला? बाईंनीच सुचवला. दीड तासाचे दोन भाग. पहिल्या फेरीत आई-बाबा, काका-काकू आणि दादा, दुसरीत वहिनी, दोन्ही मुलं आणि आत्या. पैसे तेवढेच. काकांनी "हे म्हणजे अर्ध्या तिकिटात अर्धा सिनेमा" म्हणत कुरकुर केली, पण चढले.

पहिली फेरी मस्त झाली. फेल्स पॉइंटहून निघून डॉमिनो साखर कारखान्यासमोरून इनर हार्बरपर्यंत आणि परत. फेल्स पॉइंट म्हणजे जुना जहाजबांधणीचा भाग, याच गोद्यांमध्ये पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे मोठे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस गुलाम असताना जहाजांच्या फटी बुजवायचं काम करायचे, १८३८ मध्ये ते बाल्टिमोरमधूनच निसटले. इनर हार्बरमध्ये १८५४ ची शिडाची युद्धनौका 'कॉन्स्टेलेशन' उभी आहे, आणि जोन्स फॉल्स या ओढ्याच्या तोंडाशी पाण्यातला कचरा ओढून घेणारं, मोठ्ठे डोळे लावलेलं मिस्टर ट्रॅश व्हील आहे, २०१४ पासून. बाबांना युद्धनौकेपेक्षा ते कचरा खाणारं यंत्रच जास्त आवडलं, आपल्या नद्यांना असे दोन-चारशे लागतील म्हणाले.

मला या टिकी प्रकाराची एक गंमत वाटते. छप्पर, मुखवटे, फुलांच्या माळा हे सगळं पॅसिफिकमधल्या बेटांवरून उचललेलं, तेही थेट नाही, १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बारवाल्यांनी जी काल्पनिक बेटं रचली त्यांच्या मार्फत. बाल्टिमोरचा त्याच्याशी काय संबंध? पण याच बंदराचं उष्ण प्रदेशांशी खरंखुरं नातं आहे आणि ते झावळ्यांत नाही. ब्राझीलची कॉफी इथे उतरायची. डॉमिनोचा कारखाना १९२२ पासून चालू आहे, उष्ण कटिबंधातल्या उसाची कच्ची साखर जहाजं भरभरून अजूनही तिथे येते, आणि टिकी बोट त्या जहाजांच्या अगदी समोरून जाते. काकूंनी विचारलं ही एवढी मोठी लाल अक्षरं कसली, तर कॅप्टन बाईंनी सांगितलं की ती पाटी १९५१ ची, २०२१ मध्ये बदलून एलईडीची केली. गाणी थोडी कमी करून ही गोष्ट सांगितली तर फेरीला जास्त रंग येईल, पण थीम खपते, इतिहास नाही, काय करणार.

फोर्ट मॅकहेन्री बघायचा हट्ट काकांनी धरला. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी पंचवीस तास तोफा डागल्या तरी पडला नाही तो किल्ला, सकाळी वर फडकणारा झेंडा पाहून फ्रान्सिस स्कॉट की यांनी ज्या ओळी लिहिल्या त्याच पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झाल्या. बाई म्हणाल्या, या बोटीने तिकडे नाही, किल्ल्याच्या टोकापाशी पाणी रुंद होतं, वाऱ्याला मोकळी धाव मिळते आणि मोठ्या बोटींच्या लाटा येतात. तिथून आणखी खाली त्यांच्याच नावाचा 'फ्रान्सिस स्कॉट की' पूल होता, २६ मार्च २०२४ ला 'डाली' हे मालवाहू जहाज खांबावर आदळून कोसळला, डागडुजी करणारे सहा कामगार गेले. काका त्यावर काही बोलले नाहीत.

दुसरी फेरी निघायच्या वेळी पश्चिमेकडे ढग जमले होते. बाईंनी पंधरा मिनिटं थांबवलं, रडार पाहिलं, आणि फेरी रद्द केली. उरलेल्या वेळेसाठी व्हाउचर दिलं. मुलगा रडला. आणि मग ते वादळ उत्तरेकडून निघून गेलं, डॉकवर चार थेंब पडले, अर्ध्या तासात ऊन. म्हणजे फेरी झाली असती तर काहीही झालं नसतं.

काकांचा गट हा पुरावा म्हणून वापरतो, "बघ, उगाच घाबरवलं". मला हे पटत नाही, कारण निर्णय त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवर जोखायचा असतो, नंतर आकाशाने काय केलं यावर नाही. शनिवारचं गिऱ्हाईक परत पाठवणं कॅप्टनला स्वस्तात पडत नाही, तरी पाठवलं.

पुढच्या आठवड्यात नऊही जण एका मोठ्या, सर्टिफिकेटवाल्या बोटीने किल्ला बघून आले. छप्पर पत्र्याचं, गाणी नाहीत. चढल्या चढल्या काकांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट शोधलं, प्रवाशांचा आकडा वाचला, आणि डेकवरची माणसं मोजायला लागले. आकड्यापेक्षा कमीच होती. व्हाउचर अजून वहिनीकडे पडून आहे, चार जणांचं, आणि त्या चारांत आता कोण जाणार यावर घरात नवीन वाद सुरू झालाय, त्यात मात्र मला कोणी विचारू नका.